डीएनएचेच पट्टे का चमकतात?

प्रश्न : जेलभर एथिडियम ब्रोमाइड पसरलेलं असतं, तरी अतिनील दिव्याखाली डीएनएचेच पट्टे नारिंगी का चमकतात?
– बी.एस्सी. जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी

उत्तर : निरीक्षण नेमकं आहे तुमचं. जेलमधला मोकळा रंगही अतिनील प्रकाश शोषतो, पण उत्तेजित झालेला रेणू आपला प्रोटॉन शेजारच्या पाण्याला देतो आणि ऊर्जा प्रकाश न देताच निघून जाते. डीएनएत मात्र हा चपटा रेणू लागोपाठच्या दोन बेस-जोड्यांमध्ये शिरतो, पुस्तकाच्या पानांत खूणपट्टी सरकवावी तसा. तिथे पाण्याचा उपद्रव फारसा पोचत नाही. चमक सुमारे २० पटींनी वाढते. याची किंमत डीएनए मोजतो. जोड्यांमधलं ०.३४ नॅनोमीटरचं अंतर त्या जागी जवळपास दुप्पट होतं आणि दर रेणूमागे पीळ साधारण २६ अंशांनी उलगडतो. अशा शिरकावाची कल्पना लिओनार्ड लर्मन यांनी १९६१ मध्ये ॲक्रिडीन रंगांवरून मांडली. मला ती आजही विलक्षण वाटते.

डॅपी या दुसऱ्या रंगाचं वेगळं. तो सहसा मधे घुसत नाही. सलग ए-टी जोड्या असतील तिथल्या अरुंद खाचेत चपखल बसतो आणि निळा उजळतो. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी निळी केंद्रकं त्याचीच.

कर्करोगावरचं औषध डॉक्सोरुबिसिनही एथिडियमसारखंच बेस-जोड्यांत शिरतं आणि टोपोआयसोमरेज-२ या विकराने कापलेला डीएनए पुन्हा सांधू देत नाही. एथिडियमही डीएनएशी असाच जवळचा संबंध ठेवतं, तेव्हा नायट्राइलचे हातमोजे घालाच, आणि वापरलेलं जेल साध्या कचऱ्यात टाकू नका.