वाट वाकडी करून धोक्याकडे का जावे?

अंतराळयानांच्या कथा पाहणाऱ्या जिज्ञासू मुलांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो. दूर आकाशात काहीतरी भयंकर दिसते, यंत्रे धोक्याची सूचना देतात आणि तरीही कप्तान यान नेमके त्याच दिशेने वळवतो. वळसा घालून तो सुखरूप का निघून जात नाही? ‘संकटाशिवाय कथा रंगत नाही’ असे सांगून आपण मोठी माणसे मोकळी होतो. हे उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. चांगल्या कथेत लेखकाइतकेच पात्रांनाही स्वतःचे कारण असावे लागते. ते कारण कोणते, हे ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील दोन भागांच्या आधारे पाहू.

जीन रॉडनबेरी यांची ही मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली. तिच्यातील ‘एंटरप्राइझ’ हे यान शस्त्रसज्ज असले, तरी त्याचे मुख्य काम अज्ञाताचा शोध घेणे हे आहे. जानेवारी १९६७ मध्ये दाखवल्या गेलेल्या ‘द गॅलिलिओ सेव्हन’ या भागात हे यान साथीने ग्रासलेल्या वसाहतीसाठी औषधे घेऊन निघालेले असते. वाटेत ‘मुरासाकी ३१२’ नावाची क्वेसारसदृश घटना आढळते. असे जे जे दिसेल त्याचा अभ्यास करावा, असा कप्तान कर्क यांना कायमचा आदेश असतो. क्वेसार ही त्या काळी खऱ्या विज्ञानातही नवलाची गोष्ट होती. मार्टेन श्मिट या खगोलशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये ‘३सी २७३’ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिंदूच्या वर्णपटाचा अर्थ लावला आणि तो बिंदू आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडे असल्याचे दाखवून दिले होते.

औषधे सोबत असलेला उच्चायुक्त फेरिस या थांबण्याला विरोध करतो. कर्कचा हिशेब वेगळा असतो. प्रवास तीन दिवसांचा आणि औषधे सोपवायची पाचव्या दिवशी. म्हणजे दोन दिवस हाताशी आहेत. स्पॉक या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली सात जण ‘गॅलिलिओ’ या छोट्या यानातून निघतात, भरकटतात आणि एका अनोळखी ग्रहावर आदळतात. दोघांना प्राण गमवावे लागतात. शोध चालू असतानाच मुदत संपते आणि कर्कला जड अंतःकरणाने वसाहतीकडे निघावे लागते. कसेबसे उड्डाण केलेल्या यानातून स्पॉक उरलेसुरले इंधन बाहेर सोडून पेटवतो. तो उजेड ‘एंटरप्राइझ’वर दिसतो आणि पाच जण वाचतात.

या कथेत फेरिस हा कटकट्या अधिकारी म्हणून रंगवला आहे; पण त्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. औषधाची वाट पाहणाऱ्या रुग्णांच्या वेळेवर आपली जिज्ञासा भागवण्याचा हक्क कोणालाही नाही. कर्कही अखेर हे मान्य करतो. सहकारी बेपत्ता असतानाही तो ठरल्या वेळी निघतो. अज्ञाताचा शोध हे कर्तव्य खरे, पण ते एकमेव कर्तव्य नव्हे, एवढे भान ही कथा राखते.

दुसरा भाग जानेवारी १९६८ मधील ‘द इम्युनिटी सिंड्रोम’. थकलेले कर्मचारी विश्रांतीसाठी निघाले असताना ‘इन्ट्रेपिड’ यानाशी संपर्क तुटल्याची वार्ता येते. त्यावरील चारशे व्हल्कन मरण पावले आहेत आणि एक संपूर्ण ग्रहमाला निर्जीव झाली आहे. कारण असते ऊर्जा गिळत जाणारा, अमीबासारखा एकपेशीय महाकाय जीव. येथे वळसा घालणे सोपे होते. पण वळसा घातल्याने तो जीव नाहीसा झाला नसता, पुढच्या वस्तीकडे सरकला असता. स्पॉक एकटा छोट्या यानातून त्याच्या आत जातो. त्याने पाठवलेल्या माहितीवरून तो जीव लवकरच दुभंगून दोन होणार, हे कळते आणि त्याला नष्ट करण्याचा मार्ग सापडतो.

या भागातील एक गोष्ट विशेष चिंतनीय आहे. तर्कनिष्ठ व्हल्कन आपल्याला कोण मारत आहे हे न समजताच मेले, असे स्पॉक सांगतो. त्यांच्या सामूहिक स्मृतीत पराभव नव्हता. म्हणून आपल्यावर असे काही ओढवू शकते, हेच त्यांना पटले नाही. म्हणजे घात केवळ अज्ञानाने होत नाही. ‘हे आपल्या बाबतीत घडणार नाही’ या खात्रीनेही होतो.

कल्पित कथांतील हे उत्तर पृथ्वीवरही तपासता येते. कातिया आणि मॉरिस क्राफ्ट हे फ्रेंच दांपत्य धगधगत्या ज्वालामुखींच्या अगदी जवळ जाऊन चित्रण करीत असे. ३ जून १९९१ रोजी जपानमधील उन्झेन ज्वालामुखीच्या प्रकोपात दोघांचा मृत्यू झाला. त्यांच्या चित्रणातून तयार झालेली धोक्यांची माहिती देणारी चित्रफीत त्याच सुमारास फिलिपिन्समध्ये दाखवण्यात येत होती. पिनातुबो ज्वालामुखीचा धोका अधिकाऱ्यांना व रहिवाशांना पटवून देण्यास तिची मदत झाली. १५ जूनच्या महास्फोटापूर्वी हजारो लोक सुरक्षित स्थळी हलवले गेले होते. कोणीतरी जवळ जाऊन पाहिले होते, म्हणून इतरांना वेळीच दूर जाता आले.

तेव्हा मुलांच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : धोका न पाहिल्याने टळत नाही, तो मागून येणाऱ्यांच्या वाट्याला जातो, म्हणून जाणत्याने तो पाहावा. मात्र निघण्यापूर्वी त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे जाणल्याने कोणाचे भले होणार आहे? आपल्या जाण्याची किंमत कोण मोजणार आहे? आणि वाटेत कोणी आपल्या औषधाची वाट तर पाहत नाही ना? या तिन्ही प्रश्नांना प्रामाणिक उत्तर देऊन जो पुढे जातो, त्याच्या धाडसाला अविचार म्हणता येत नाही.