गोठ्यातील पाणी लवकर तापवा, पण जपून

कराड, फलटण, वाळवा, पलूसकडे दूध घालण्याची वेळ ठरलेली असते. किटल्या व दूध काढणी यंत्र धुण्यास गरम पाणी वेळेत हवे, म्हणून काहीजण एकाच सॉकेटवर दोन हीटर जोडतात. हे जिवावर बेतू शकते.

५० लिटर पाणी २५ वरून ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्यास सुमारे २.९ युनिट वीज लागते. २ किलोवॉटच्या एका हीटरला दीड तास, तर दोन हीटरना पाऊण तास लागतो; बिल जवळजवळ तेवढेच येते. मात्र २३० व्होल्टला एक हीटर ८.७ अँपिअर, तर दोन मिळून १७.४ अँपिअर प्रवाह घेतात. १६ अँपिअरच्या सॉकेटला तो झेपत नाही. वायर तापून आग लागू शकते.

म्हणून मंजूर भार तपासून, परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक हीटरसाठी स्वतंत्र सॉकेट, ४ चौ.मि.मी. तांब्याची वायर व १६ अँपिअरचा एमसीबी बसवून घ्यावा. एमसीबी वायरीला वाचवतो. माणसाला व जनावराला वाचविण्यासाठी चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.

कॉइल पाण्यात पूर्ण बुडाल्यावरच बटण चालू करावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढावा. भांड्यावर झाकण ठेवल्यास पाणी लवकर तापते व वीजही वाचते.