रुंद रस्ता आणि पायी चालणारा नागरिक

रस्ता रुंद झाला की गावाची प्रगती झाली, असा सर्वसाधारण समज आहे. रुंदीकरणाची मागणी ग्रामसभेत होते, तशीच नगरपालिकेच्या सभेतही होते. परंतु वाढलेली रुंदी कोणाच्या वाट्याला आली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. केंद्र शासनाच्या अहवालानुसार 2022 या वर्षी देशात रस्ते अपघातांत 1,68,491 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी 32,825 व्यक्ती पादचारी होत्या. म्हणजे मृतांपैकी जवळजवळ दर पाचवी व्यक्ती कोणत्याही वाहनात नव्हती. ती पायी चालत होती. यास्तव रस्त्याची वाटणी हा केवळ शोभेचा विषय नसून जीविताचा विषय आहे.

रुंदीचा हिशेब

प्रत्येकी 3.5 मीटरच्या चार मार्गिका असलेला रस्ता 14 मीटर रुंद होतो. धडधाकट माणूस सेकंदास सुमारे 1.2 मीटर चालतो. त्याला हा रस्ता ओलांडण्यास 12 सेकंद लागतात. सेकंदास 0.8 मीटर चालणाऱ्या वृद्ध व्यक्तीस साडेसतरा सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत ताशी 50 किलोमीटर वेगाने येणारे वाहन सुमारे 240 मीटर अंतर कापते. याचा अर्थ असा की, पाऊल टाकण्यापूर्वी त्या वृद्धाने पाव किलोमीटर दूरच्या वाहनाचा अचूक अंदाज बांधला पाहिजे. रस्ता जितका रुंद, तितकी ही परीक्षा अवघड.

वेगाचा परिणामही ध्यानात घेतला पाहिजे. चालकास धोका उमगून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरल्यास, कोरड्या रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे 13 मीटरमध्ये थांबते. ताशी 50 किलोमीटर वेगाच्या वाहनास मात्र सुमारे 28 मीटर लागतात. वीस मीटरवर अचानक एखादे मूल आडवे आले, तर पहिले वाहन त्याच्या अलीकडे थांबते, दुसरे थांबत नाही.

यावर उपाय रुंदीतच दडलेला आहे. शहरातील मार्गिका 3.5 मीटरऐवजी 3 मीटरची आखली, तर चार मार्गिका कायम राहूनही 2 मीटर जागा मोकळी होते. एका सायकलमार्गास ती पुरते. मार्गिका अरुंद झाल्याने वाहनांचा वेगही आपोआप आवरतो. दुतर्फा वाहतूक असल्यास मध्यभागी पादचाऱ्यास उभे राहण्यापुरता सुरक्षित थांबा द्यावा. त्यायोगे त्याला एका वेळी एकाच बाजूची वाहने पाहून निम्मा रस्ता ओलांडता येतो.

जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण

पुणे शहरातील जंगली महाराज रस्ता 1970 च्या दशकात बांधला गेला. दीर्घकाळ खड्डे न पडल्यामुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु पृष्ठभाग मजबूत असणे आणि रस्ता सर्वांच्या उपयोगाचा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. महानगरपालिकेने 2016 साली पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्याच सुमारास या रस्त्याच्या फेररचनेचा पहिला टप्पा हाती घेण्यात आला. जुनी झाडे राखून पदपथ रुंद करण्यात आले, सायकलींसाठी मार्ग आखण्यात आला, वाहने उभी करण्याच्या जागा ठरवून देण्यात आल्या; बसण्यासाठी बाक आणि मुलांसाठी खेळाची साधने मांडण्यात आली. जेथून पूर्वी माणसे केवळ पुढे जात, तेथे ती सावलीत घटकाभर टेकू लागली.

मात्र एकदा बांधून काम संपत नाही. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यातच अनेक सायकलमार्ग चौकाशी येऊन तुटतात, तर कोठे उभ्या वाहनांनी अडतात. तुटक मार्गावरून सायकलस्वार जात नाही. आणि सायकलस्वार दिसत नाहीत म्हणून मार्ग निरुपयोगी ठरविला जातो. हा दोष सायकलस्वाराचा नसून रचनेचा व देखरेखीचा आहे.

रचना करताना

भारतीय रस्ते काँग्रेसने 2012 साली प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदी आणि 2.2 मीटर उंची पूर्णतः मोकळी असावी. विजेचा खांब, झाडाचा पार, फलक हे सारे या पट्ट्याबाहेर हवे. पदपथाची कड 150 मिलिमीटरहून उंच नसावी. कड उंच असली की वृद्ध माणसे खालून, वाहनांमधून चालू लागतात. ओलांडण्याच्या ठिकाणी चाकाच्या खुर्चीसाठी उतार असावा. विक्रेत्यांना हुसकावून प्रश्न सुटत नाही. 2014 च्या पथविक्रेता अधिनियमानुसार त्यांच्या जागा निश्चित केल्यास चालणारा व विकणारा या दोघांचीही सोय होते.

कायद्याचे पाठबळ

मोटार वाहन अधिनियमात 2019 साली झालेल्या दुरुस्तीने पादचारी व बिगरयांत्रिक वाहने यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनांना मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये अडथळाविरहित पदपथाचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काशी जोडला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये राज्यांना असे नियम सहा महिन्यांत करण्याचे निर्देश दिले. पदपथ ही आता कोणाची मेहेरबानी राहिलेली नाही.

गावपातळीवर काय करता येईल?

हा विषय केवळ महानगरांचा नव्हे. गावाच्या मधून राज्यमार्ग जातो, तेथेही शाळा एका बाजूस आणि वस्ती दुसऱ्या बाजूस असते. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून शाळेच्या आवारात 14 मीटरची रेघ आखून ती ओलांडण्यास बालवर्गातील मुलास, मोठ्या मुलास आणि आजोबांना किती सेकंद लागतात, याची नोंद करवून घ्यावी. गणिताचा तो उत्तम पाठ ठरेल. रस्ता ओलांडण्याची नेहमीची ठिकाणे मात्र मोठ्यांनी कडेला उभे राहून टिपावीत. ही नोंद ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत बांधकाम विभागाकडे पाठवावी. अधिकाऱ्यांनीही आराखड्यावर सही करण्यापूर्वी तो रस्ता एकदा पायी चालून पाहावा. शक्य तर शाळा सुटण्याच्या वेळी.

वाहने किती वेगाने गेली, यावर रस्त्याचे मोल आजवर ठरत आले. यापुढे शाळकरी मूल आणि काठी टेकणारी आजी तो निर्धास्तपणे ओलांडू शकतात की नाही, हेही पाहिले गेले पाहिजे.