पासिंगपूर्वी ईजीआर व्हॉल्व्ह तपासा

भिवंडीहून कापडाचे तागे वाहणारा टेंपो ८ वर्षांचा होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंगला न्यावा लागतो. डिझेल गाडी काळा धूर सोडत असेल तर व्यापारी बंधूंनी ईजीआर व्हॉल्व्हकडे अवश्य लक्ष द्यावे.

हा व्हॉल्व्ह जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडतो. त्यामुळे आतली उष्णता कमी राहते व नायट्रोजनचे विषारी वायू कमी तयार होतात. काजळी साचून तो उघडाच अडकला, तर इंजिनाला ताजी हवा अपुरी पडते. मग काळा धूर येतो आणि चढावर गाडी ओढत नाही.

काही मेकॅनिक पत्र्याची चकती लावून ही वाटच बंद करतात. धूर कमी होतो, पीयूसीही मिळते. कारण डिझेल गाडीत ते यंत्र फक्त धुराचा दाटपणा मोजते. बीएस-४ गाडीसाठी मर्यादा प्रति मीटर १.६२ आहे. नायट्रोजनचे वायू यंत्राला दिसत नाहीत, पण मोहल्ल्यातल्या मुलांच्या छातीत जातात. हे मापात मारण्यासारखेच झाले.

योग्य मार्ग असा :

१) तारखेच्या १५ दिवस आधी काम काढावे.
२) प्रथम एअर फिल्टर व इंजेक्टर तपासावेत, धुराचे कारण तेही असू शकते.
३) व्हॉल्व्ह उतरवून कार्बन क्लीनरने साफ करावा, गॅस्केट नवे घालावे.
४) तरीही अडकत असेल तर बदलावा.
५) इंजिन चांगले गरम करूनच पीयूसी करावी.