बालकांच्या मेंदूतील गाठी व लक्ष्यवेधी औषधे

मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया, किरणोपचार व रासायनिक औषधे हे उपाय परिचित आहेत. वाढत्या मेंदूवर किरणोपचाराचे दूरगामी दुष्परिणाम होऊ शकतात. म्हणून लहान वयात ते शक्यतो टाळले जातात. अशा काही बालकांना आता लक्ष्यवेधी औषधांचा आधार मिळू लागला आहे.

औषधाचे कार्य

मुलांच्या मंदगतीने वाढणाऱ्या ‘ग्लायोमा’ गाठींपैकी काहींत ‘बी-राफ’ नावाच्या जनुकात विशिष्ट बिघाड आढळतो. त्यामुळे पेशींना वाढीचा आदेश अखंड मिळत राहतो. डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब ही औषधे या आदेशाच्या साखळीतील लागोपाठच्या दोन कड्या रोखतात. असा बिघाड असलेल्या ११० मुलांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही जोडी घेणाऱ्यांपैकी शेकडा ४७ मुलांच्या गाठी लक्षणीय प्रमाणात आकसल्या. रासायनिक औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ११ होते. त्याच वर्षी अमेरिकेत एक वर्षावरील मुलांसाठी या औषधांना मान्यता मिळाली.

तथापि, हे औषध सर्व गाठींवर चालत नाही. ताप व पुरळ येऊ शकतात. हृदय व डोळ्यांची तपासणी वेळोवेळी करावी लागते. औषध थांबविल्यावर गाठ पुन्हा वाढण्याचाही संभव असतो.

गाठीचा तुकडा जपावा

कोणते औषध लागू पडेल, हे गाठीच्या तुकड्याच्या जनुकीय तपासणीवरून ठरते. शस्त्रक्रियेनंतर हा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जतन केला जातो. बेळगाव किंवा कोल्हापूर येथे शस्त्रक्रिया झालेल्या मुलास पुढे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात नेताना हा ठोकळा, काचपट्ट्या व सर्व अहवाल सोबत न्यावेत. अन्यथा निदानात मोलाचा वेळ जातो.

शिक्षक व पालकांचे कर्तव्य

सकाळी उठताच डोके दुखणे व उलटी होणे, नव्याने तिरळेपणा येणे, चालताना तोल जाणे, झटके येणे, फळ्यावरील अक्षर न दिसणे ही लक्षणे वारंवार दिसल्यास ती नजर लागणे वा अभ्यासाचा कंटाळा समजून दुर्लक्षू नयेत. निपाणी, चिकोडी, खानापूर परिसरातील शिक्षकांनी असे मूल त्वरित डॉक्टरांकडे पाठविण्यास पालकांना सांगावे.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. ही औषधे महाग आहेत. म्हणून योजनेत कोणता खर्च बसतो, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे उपचारापूर्वीच करावी. लक्षण वेळीच ओळखणे व गाठीचा तुकडा जपणे, या दोन गोष्टी मात्र बिनखर्चाच्या असून त्यांवरच पुढील उपचारांची दिशा अवलंबून असते.