मागचे डिस्क ब्रेक : अनुभवाचे आठ बोल

1967 च्या फोर्ड मस्टँगला मागे ड्रम ब्रेक येत. ते काढून डिस्क बसवण्याचे तयार संच अमेरिकेत सहज मिळतात. माझ्या मस्टँगला आधीच्या मालकाने असाच संच बसवून घेतला होता. गाडी थोडी चालली की मागची चाके धरू लागत आणि पॅडल पहिल्या दाबाला खोल जाई. हे दोष काढताना, आणि पुढे मित्रांच्या गाड्या पाहताना, जे पक्के कळले ते इथे सांगतो.

1. दोष चाकापाशी जाणवतो, पण तो तिथेच असेल असे नाही. डिस्क, पॅड, कॅलिपर नवे कोरे असतात. जुने असते ते पॅडलपासून चाकापर्यंतचे बाकी सगळे. ते ड्रमच्या हिशेबाने बनलेले असते. म्हणून कॅलिपर बदलायला धावू नका. पॅडल, पुशरॉड, मास्टर सिलिंडर, पाईप, व्हॉल्व्ह, होज, कॅलिपर ही दाबाची वाट कागदावर काढा आणि एकेक टप्पा तपासा.

2. चाक धरत असेल तर दाब कुठे अडकला ते आधी ठरवा. पुढच्या चाकांना ओट लावा, मागचा भाग स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा, पॅडल चार-पाच वेळा दाबा आणि चाक हाताने फिरवा. अडले, तर मास्टर सिलिंडरचे फायरवॉलवरचे नट थोडे सैल करा. चाक सुटले तर पुशरॉड लांब आहे. पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल टाकीत परतण्याचे छिद्र झाकलेले राहते आणि तेल तापेल तसा ब्रेक घट्ट होत जातो. पुशरॉडला साधारण दीड मिलिमीटर मोकळीक हवी. चाक तरीही अडलेलेच असेल तर मास्टर सिलिंडरपाशी मागच्या पाईपचा नट किंचित सैल करा. तिथे सुटले नाही तर होजच्या जोडापाशी आणि शेवटी कॅलिपरच्या हवा काढण्याच्या निपलपाशी हेच करा. जिथे चाक सुटेल त्याच्या लगेच आधीच्या टप्प्यात दोष आहे. निपल उघडूनही चाक अडलेलेच राहिले, तर दोष तेलाच्या दाबाचा नाही. हँडब्रेकची केबल, अडकलेला पिस्टन किंवा कॅलिपरच्या पिना पाहा.

3. ड्रमचा मास्टर सिलिंडर तसाच ठेवला असेल तर आतला रेसिड्युअल व्हॉल्व्ह काढा. माझ्या गाडीत पाईपचा नट सैल करताच तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक सुटले. पाईप बसतो त्या पितळी सीटमध्ये स्क्रू आटवून ती ओढून काढली, तर मागे चोचीच्या आकाराचा रबरी व्हॉल्व्ह आणि लहानशी स्प्रिंग निघाली. ड्रममध्ये हा व्हॉल्व्ह सुमारे 10 पीएसआय दाब धरून ठेवतो. तिथे शू मागे ओढायला जोरदार स्प्रिंगा असतात, म्हणून ते चालते. डिस्कमध्ये पॅड मागे ओढणारे काहीच नसते. पिस्टनचे रबरी सील जेवढे मागे घेईल तेवढेच. एवढ्याशा दाबानेही पॅड डिस्कला घासत राहतात.

4. निपल वर आहे ना, ते पाहा. उजव्या-डाव्या कॅलिपरची अदलाबदल झाली की निपल खाली जातो आणि वरची हवा कितीही ब्लीड केले तरी निघत नाही. नवा मास्टर सिलिंडर असेल तर त्यातली हवा बाकावर, गाडीत चढवण्याआधीच काढा.

5. पहिल्या दाबाला पॅडल खोल आणि दुसऱ्याला वर येत असेल, तर पॅड आणि डिस्क यांतले अंतर जास्त आहे. हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर बहुतेक वेळा हाच घोळ असतो. केबल पूर्ण सैल सोडा, कॅलिपरवरचा लिव्हर अंतर मिटेपर्यंत हाताने पुन्हापुन्हा ओढा आणि मगच केबल ताणा. केबल आधी ताणली तर लिव्हर पूर्ण मागे येत नाही आणि आतली आपोआप जुळणारी रचना कामच करत नाही.

6. पॅडल दगडासारखे घट्ट आणि गाडी थांबत नाही, तर व्यासाचा हिशेब करा. पायाचा जोर 30 किलो आणि पॅडलचे गुणोत्तर 6:1 धरा. पिस्टनवर 180 किलो येतात. 1 इंच व्यासाच्या मास्टर सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 35 किलो दाब मिळतो, 7/8 इंचात सुमारे 46. लहान व्यासात दाब वाढतो, पण पॅडल जास्त खाली जाते. ड्रमचा शू फिरत्या ड्रममुळे आपोआप ड्रमवर अधिक दाबला जातो, डिस्कला ती मदत नाही. म्हणून तिला दाब जास्तच लागतो.

7. मागची चाके पुढच्यांआधी कधीही लॉक होता कामा नयेत. ब्रेक दाबताच वजन पुढे जाते, मागची पकड कमी होते. अशा वेळी मागची चाके आधी थांबली तर गाडी गर्रकन फिरते. मागच्या लाईनवर, मागचा दाब कमी करणारा आणि जुळवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह बसवा. मोकळ्या मैदानात, कमी वेगात, बाहेर माणूस उभा करून कोणती चाके आधी थांबतात ते पाहा आणि त्यानुसार व्हॉल्व्ह फिरवा.

8. भारतात असा बदल करण्याआधी कायदा पाहा. प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम असत, त्यामुळे मोह होणे साहजिक आहे. पण मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करते. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची तर ती मूळ रूपात असावी लागते.

शेवटी माझे स्पष्ट मत : पुढे अजून ड्रम असतील तर पैसे आधी पुढच्या डिस्कवर घाला, गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचीच चाके करतात. आणि मागचे काम झाल्यावर चारही चाके हाताने मोकळी फिरताहेत, हँडब्रेक चढावर गाडी धरतो आहे आणि पुढची चाके आधी लॉक होताहेत, या तिन्ही गोष्टी स्वतः पाहिल्याशिवाय गाडी हायवेवर नेऊ नका.