संगणकाचा जीर्णोद्धार

आपल्या भंडारा जिल्ह्यांत धान हें मुख्य पीक. कोंढ्याच्या आसपासच्या कोणत्याही वृद्ध शेतकऱ्यास विचारा. तो सांगेल कीं, पूर्वी मळणी झाल्यावर सर्वच धान कोणी विकीत नसे किंवा खात नसे. पुढील मृगाकरितां कांहीं धान निवडून, वाळवून वेगळ्या कोठींत ठेवण्यांत येई. घरांत कितीही अडचण आली तरी त्या कोठीस हात लावावयाचा नाहीं, असा दंडक असे. पाऊस तोंडावर आल्यावर बियाण्यासाठीं दारोदार फिरणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. आज बियाणें पुष्कळदां बाजारांतून येतें. तथापि त्या जुन्या शहाणपणाचें मोल कमी झालेलें नाहीं. या पाठांत ज्या गोष्टीचा विचार करावयाचा आहे, तिचें मर्म त्या कोठींतच आहे.

विषय असा. घरचा संगणक एके दिवशीं अडून बसतो. बटण दाबलें म्हणजे पडदा उजळतो, कंपनीचें चिन्ह दिसतें, आणि पुढें कांहींच होत नाहीं. जाणता मनुष्य सांगतो, “कार्यप्रणाली नव्यानें बसवावी लागेल, पेन ड्राइव्ह आणा.” परंतु घरांत पेन ड्राइव्ह नाहीं, असला तरी तो तयार करण्यास दुसरा संगणक नाहीं, आणि दुरुस्तीचें मोठें दुकान गांठावयाचें तर भंडाऱ्यास किंवा नागपुरास जावें लागणार. अशा वेळीं बाहेरच्या साधनावांचून, संगणकाच्या आंत जें आहे तेवढ्यावरच, कार्यप्रणाली पुन्हां बसवितां येईल काय? पुष्कळ वेळां येते. मात्र ती कशी येते आणि कोणत्या अटीवर, हें नीट समजून घेतलें पाहिजे. नाहीं तर दुरुस्ती करतां करतां नाश ओढवतो.

संगणक जागा कसा होतो?

कळफलक, पडदा, डिस्क, छपाईयंत्र इत्यादि सर्व अवयवांकडून काम करून घेणारी जी आज्ञांची व्यवस्था, तिला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज, लिनक्स, मॅक ओएस हीं तिचीं परिचित नांवें. ती डिस्कवर सांठविलेली असते. आतां येथें एक कोडें उत्पन्न होतें. डिस्क वाचण्याचें काम कार्यप्रणालीचें. आणि कार्यप्रणाली तर स्वतःच डिस्कवर निजलेली! मग तिला उठवावयाचें कोणीं? ज्या पेटीची किल्ली त्याच पेटींत बंद झाली आहे, ती उघडावी कशी?

याचें उत्तर असें कीं, संगणकाच्या मुख्य पटावरील एका चिपेंत एक छोटा कार्यक्रम कायमचा ठेवलेला असतो. वीज गेली तरी तो पुसला जात नाहीं. त्यास पूर्वी बायोस म्हणत. अलीकडील यंत्रांत त्याची जागा यूईएफआय यानें घेतली आहे. तो प्रथम जागा होतो, डिस्कवर ठराविक ठिकाणीं असलेल्या दुसऱ्या एका छोट्या कार्यक्रमास हांक मारतो, आणि हा दुसरा कार्यक्रम कार्यप्रणालीचा गाभा उचलून रॅम नांवाच्या तात्पुरत्या स्मृतींत आणतो. या क्रियेस ‘बूट’ म्हणतात. हा शब्द ‘बूटस्ट्रॅप’ म्हणजे बुटाचा पट्टा यावरून आला. स्वतःच्या बुटांचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलणारा मनुष्य, अशी ही थट्टेची कल्पना आहे. मनुष्यास तें साधत नाहीं. परंतु यंत्र एका पायरीवरून दुसरी गांठीत तें साधतें.

ही युक्ति जुनी आहे. आयबीएम कंपनीनें 1952 सालीं जाहीर केलेल्या 701 या यंत्रावर ‘लोड’ नांवाचें बटण होतें. तें दाबलें कीं छिद्रांकित कार्डावरील किंवा फितीवरील पहिली आज्ञा आंत येई, आणि ती पुढील आज्ञांना ओढून आणी. आपल्या मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 1960 सालीं सुरू झालेल्या टिफ्रॅक या यंत्रांत सुमारें 2,700 निर्वात नलिका होत्या आणि स्मृति अवघी 2,048 शब्दांची होती. आज खिशांतील दूरध्वनींतही तिच्या कित्येक लक्षपट स्मृति असते. परंतु जागें होण्याचा क्रम मूलतः तोच आहे.

बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड

आतां दुसरी अडचण पाहूं. चालू असलेली कार्यप्रणाली स्वतःला पुसून नवी बसवूं शकत नाहीं. ज्या फांदीवर बसलों तीच तोडण्यासारखें तें होईल. घराचें आढें बदलावयाचें असलें म्हणजे कुटुंब कांहीं दिवस अंगणांतील मांडवांत राहतें. येथेंही तसाच मांडव लागतो. रॅम हाच तो मांडव. एक छोटी, कामापुरती कार्यप्रणाली संपूर्णपणें रॅममध्यें उचलून आणली म्हणजे डिस्क मोकळी होते, आणि मग तिच्यावर हवी ती डागडुजी करतां येते. पेन ड्राइव्हचें कामही याहून निराळें नसतें; तो केवळ ही छोटी कार्यप्रणाली आणि नव्या कार्यप्रणालीचें बियाणें बाहेरून आणून देतो. तीं दोन्ही आंतच असतील, तर पेन ड्राइव्हची गरज उरत नाहीं.

विंडोज असलेल्या बहुतेक संगणकांच्या डिस्कवर असा एक छोटा विभाग मुद्दाम लपवून ठेवलेला असतो. त्यास रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. हीच संगणकाच्या घरांतील बियाण्याची कोठी होय. जागा वाढविण्याच्या लोभानें कित्येक जण तिला निरुपयोगी समजून पुसून टाकतात. ही चूक करूं नये.

चार मार्ग

पहिला मार्ग. संगणक सुरू होतो, परंतु पदोपदीं अडखळतो, अशी स्थिति असेल तर हा मार्ग उत्तम. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत ठिकाणाहून विंडोजची आयएसओ फाइल उतरवून घ्यावी, ती तेथेंच उघडावी आणि तींतील ‘सेटअप’ चालवावें. फाइल त्याच भाषेची व त्याच प्रकारची असल्यास आपले दस्तऐवज आणि कार्यक्रम दोन्ही राखून कार्यप्रणाली नवी होते.

दुसरा मार्ग. 2012 सालच्या विंडोज 8 पासून ही सोय कार्यप्रणालींतच आली. विंडोज 10 व 11 यांत तिचें नांव ‘रीसेट धिस पीसी’ असें आहे. शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडलें म्हणजे दुरुस्तीचा निळा पडदा येतो. संगणक मुळींच सुरू होत नसेल, तर लागोपाठ कांहीं वेळां अपयश आल्यावर तो पडदा बहुधा आपोआप येतो. तेथें ‘कीप माय फाइल्स’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ असे दोन पर्याय दिसतात. पहिल्यानें आपल्या फाइली राहतात, पण मागाहून बसविलेले कार्यक्रम जातात; दुसऱ्यानें सर्वच जातें. पुढें आणखी एक प्रश्न येतो: बियाणें डिस्कवरचें घ्यावयाचें कीं इंटरनेटवरून? डिस्कवरच्या मूळ फाइलीच किडल्या असतील तर त्यांतून उगवणारें पीकही किडकेंच येणार. त्यासाठीं 2020 सालीं ‘क्लाउड डाउनलोड’ ही सोय देण्यांत आली. तींत सुमारें 4 जीबी माहिती उतरवावी लागते, हें मोबाइलच्या इंटरनेटवर विसंबणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

तिसरा मार्ग पूर्वतयारीचा आहे. संगणक निरोगी असतांनाच डिस्कचा एक वेगळा विभाग करून त्यांत आयएसओ फाइलींतील सर्व मजकूर पसरून ठेवावा. पुढें बिघाड झाल्यास निळ्या पडद्यावरून ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडावा, आणि त्या विभागांतील ‘सोर्सेस’ या फोल्डरमधील सेटअप चालवावें. येथें नवशिका हमखास फसतो. कारण दुरुस्तीच्या वातावरणांत विभागांचीं अक्षरें बदललेलीं असूं शकतात. नेहमींचा ‘डी’ तेथें ‘सी’ म्हणून दिसेल. म्हणून अक्षरावर विश्वास न ठेवतां विभागाचा आकार आणि आंतील फाइली पाहून ओळख पटवावी, आणि मगच पुसण्याची आज्ञा द्यावी.

चौथा मार्ग लिनक्सचा. ग्रब नांवाचा त्याचा आरंभक कार्यक्रम डिस्कवर ठेवलेली आयएसओ फाइल स्वतः उघडूं शकतो आणि तींतील संस्थापक थेट सुरू करतो. मात्र ती फाइल ज्या विभागांत आहे तो विभाग पुसूं नये. डेबियन, उबुंटू, तसेंच सी-डॅक या आपल्या देशांतील संस्थेनें डेबियनच्या आधारें तयार केलेली बॉस, यांपैकीं एखादी कार्यप्रणाली जुन्या यंत्रावर बसविण्याजोगी असते.

याशिवाय शाळेच्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणीं, जेथें अनेक यंत्रें तारेनें जोडलेलीं असतात, तेथें एका निरोगी यंत्रावरून दुसऱ्यास बूट करतां येतें. या रीतीस पीएक्सई म्हणतात. शेजाऱ्याच्या चुलींतून विस्तव आणून आपली चूल पेटविण्यासारखेंच तें आहे.

हे सर्व मार्ग डिस्क धडधाकट असेल तरच उपयोगी पडतात. डिस्कच मेली असेल, तर नवी डिस्क आणि बाहेरचें साधन यांवांचून गत्यंतर नाहीं.

एक अनुभव

येथें प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली चूक सांगणें अवश्य वाटतें. घरचा लॅपटॉप बिघडला तेव्हां वर सांगितलेल्या दुसऱ्या मार्गानें तो नीट करण्यास मी बसलों. आपल्या सर्व फाइली ‘डी’ विभागांत सुरक्षित आहेत, अशी माझी समजूत होती. म्हणून ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ हा पर्याय मीं निःशंकपणें निवडला. पुढें यंत्रानें विचारलें कीं, केवळ विंडोज असलेली ड्राइव्ह पुसावयाची कीं सर्व? काम अर्धवट राहूं नये या घाईंत मीं ‘सर्व’ असें उत्तर दिलें. दोन तासांनीं लॅपटॉप नव्यासारखा उभा राहिला. परंतु ‘डी’ विभाग रिकामा होता. त्यांत तीन वर्षांच्या धानाचा हिशेब होता, त्याची फारशी खंत वाटली नाहीं. वडिलांनीं गाइलेलीं दंडारींतील गाणीं मीं त्यांच्या अखेरच्या वर्षीं ध्वनिमुद्रित करून ठेविलीं होतीं, तीं गेलीं. दुसरी प्रत कोठेंच नव्हती. पुष्कळ खटपट केली, पण एकही गाणें परत मिळालें नाहीं.

त्या दिवशीं एक गोष्ट उमगली. विंडोजच्या तशाच प्रती जगांत कोट्यवधि संगणकांवर आहेत. ती पुसली गेली तर पुन्हां मिळते. आपलें स्वतःचें जें लिखाण, जे फोटो, जे आवाज, ते जगांत एकाच ठिकाणीं असतात. आणि आपण मात्र चिंता करतों ती कार्यप्रणालीची!

आरंभापूर्वी

म्हणून कामास हात घालण्यापूर्वी पुढील गोष्टी कराव्या. आपल्या महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्या. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या. आणि एक प्रत घराबाहेर, नातलगाच्या घरीं किंवा इंटरनेटवरील खात्यांत असावी. बियाण्याची कोठी घरांतच असली तर घराबरोबर तीही जळते.

दुसरें, अलीकडील कित्येक लॅपटॉपांत बिटलॉकर नांवाचें कुलूप डिस्कला आपोआप लागलेलें असतें. दुरुस्तीच्या वेळीं तें 48 अंकांची किल्ली मागतें. यंत्र चालू असतांनाच ती शोधून वहींत उतरवून ठेवावी.

तिसरें, विजेचा भरंवसा नसेल तर काम हातीं घेऊं नये. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि चार्जर जोडलेला असावा. अर्ध्यावर यंत्र बंद पडल्यास कार्यप्रणाली ना जुनी राहते ना नवी होते.

चौथें, उतरवलेल्या आयएसओ फाइलीची ओळख तपासावी. प्रकाशकानें एसएचए-256 पद्धतीनें काढलेली 64 चिन्हांची खूण दिलेली असेल, तर आपल्या फाइलीची खूण काढून ती अक्षरशः जुळते कीं नाहीं तें पाहावें. एक चिन्ह चुकलें तरी ती फाइल वापरूं नये.

पांचवें, 14 ऑक्टोबर 2025 रोजीं विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार संपला आहे. तेव्हां जुनेंच पुन्हां बसवावयाचें कीं यंत्रास झेपणारी नवी कार्यप्रणाली घ्यावयाची, याचा विचार प्रथम करावा.

विद्यार्थिमित्रहो, पऱ्हे टाकण्यापूर्वी शेतकरी बियाणें पाण्यांत टाकून पोकळ दाणे वेगळे करतो. त्यास वेळ लागतो. पण पुढें सबंध बांधी त्यावर उभी राहावयाची असते. यंत्राच्या पडद्यावर प्रश्न येईल तेव्हां तुम्हींही तसेंच थांबा. प्रश्न दोनदां वाचा, अर्थ कळला नाहीं तर वडील मंडळींना किंवा शिक्षकांना विचारा, आणि मगच बोट उचला. पालकांसही विनंती अशी कीं, मुलांस संगणक देतांना एक वही द्यावी आणि तींत किल्ल्या, खुणा व प्रती ठेवल्याचीं ठिकाणें लिहवून घ्यावीं.

अभ्यास

1. संगणक सुरू होतांना घडणाऱ्या पायऱ्या क्रमानें लिहा.
2. चालू कार्यप्रणाली स्वतःस पुसून नवी कां बसवूं शकत नाहीं? मांडवाच्या दृष्टान्तानें स्पष्ट करा.
3. ‘अक्षरावर विश्वास ठेवूं नये’ असें कोणत्या प्रसंगीं म्हटलें आहे, व कां?
4. आपल्या घरांतील अशा पांच फाइलींची यादी करा कीं ज्या पुसल्या गेल्यास जगांत दुसरीकडे कोठेंही मिळणार नाहींत. त्यांची दुसरी प्रत आजच करा.